जेलचा टॉवेल, जेलचा शर्ट आणि आतला शिवणक्लास

टॉवेल घ्या. सतरंजी तर घ्याच. शर्ट घेताना आधी उलटा करून बघा. बेकरीच्या मालाबद्दल शेवटी सांगते, त्यात माझं मत फारसं धरू नका.

दिवाळीच्या सुमारास ठाण्यात कैद्यांनी बनवलेल्या वस्तूंची विक्री लागते, तेव्हा मी सहसा चुकवत नाही. मी कळव्यात शिवणक्लास चालवते आणि त्याला लागूनच छोटं युनिट आहे. शाळांचे गणवेश, दवाखान्यांचे एप्रन, लग्नसराईत ब्लाउज अशी कामं असतात. त्यामुळे कुठलंही कापड हातात आलं की आधी आतली बाजू बघायची खोड लागली आहे. नातेवाइकांच्या लग्नातसुद्धा मी पदराखालची टीप बघते, त्यावरून घरात बोलणीही खाल्ली आहेत. कुठली वस्तू कुठल्या कारागृहातून आली हे मात्र मी मुद्दाम लिहीत नाही. काही मालाला नावं ठेवणार आहे, आणि ज्यांनी तो शिवला ते इथे येऊन उत्तर देऊ शकत नाहीत.

आधी टॉवेल. सोलापूरच्या टॉवेलची सवय असलेल्यांना हा जरा राठ वाटेल. पहिल्या दोन धुण्यांत लव सुटते, तेव्हा वेगळा धुवा. पण पाणी चांगलं शोषतो, आणि कडेची दुमड बघाल तर खूश व्हाल. दोन्ही बाजूंनी कापड नीट आत घेऊन दोन समांतर टिपा मारल्यात, कोपऱ्यावर टाका मागे फिरवून बंद केलाय. बाजारातल्या स्वस्त टॉवेलची कड तिसऱ्या महिन्यात उसवून लोंबायला लागते, ती याची उसवत नाही. सतरंजीबद्दल बोलायलाच नको. वजनदार, घट्ट विणीची, काठ सरळ. जमिनीवर अंथरली की चारही कोपरे खाली बसतात. हल्ली दुकानांत सतरंजी म्हणून जे मिळतं ते पंख्याच्या वाऱ्याने उडतं.

चादर मध्यम. गडद रंगाची घेतलीत तर एक कोपरा मिठाच्या पाण्यात बुडवून बघा, माझ्या निळ्या चादरीने बादली निळी केली. फिक्या रंगाची अजून छान आहे. किमती दर हंगामात बदलतात, म्हणून आकडे देत नाही. ढोबळ सांगायचं तर टॉवेल आणि चादर जांभळी नाक्यावरच्या दुकानांपेक्षा थोडी स्वस्त पडते, सतरंजी त्याच भावात पण दुप्पट टिकाऊ.

आता शर्ट. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

कॉलर बघितली आणि मी तिथेच थांबले. दोन्ही टोकं तंतोतंत सारखी, बकरम, म्हणजे आतलं कडक अस्तर, कुठेही फुगलेलं नाही, टोकाला कापड जाडसर होऊन गोळा झालेलं नाही. इंचाला बारा टाके, एकसारखे. माझ्या क्लासमध्ये अशी कॉलर यायला मुलींना वर्ष लागतं. मग बाही बघितली. मुंढ्यात, म्हणजे खांद्याशी बाही जोडतात तिथे, बाही बसवताना मागच्या बाजूला चुणी आली होती आणि ती तशीच टीप मारून दाबून टाकली होती. खिशाचा चौकडा शर्टाच्या चौकड्याशी जुळत नव्हता. काजं सुरेख, पण बटणं दोन टाक्यांत लोंबकळत होती. एकाच शर्टात पहिल्या नंबरचं काम आणि काठावर पास होणारं काम शेजारी शेजारी. असं का, याचं उत्तर मला त्या टेबलावर मिळालं नाही. ते माझ्याच युनिटमध्ये मिळालं.

मध्यंतरी एका संस्थेच्या ताईंनी एक मुलगा माझ्याकडे कामाला आणला. मुलगा म्हणते, वय पस्तिशीच्या आसपास. राज्यातल्या एका कारागृहात शिक्षा भोगून सुटला होता. गुन्हा काय ते ताईंनी सांगितलं, मी इथे सांगणार नाही. त्याच्याकडे शिवणकाम शिकल्याचं प्रमाणपत्र होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं. ते त्याने स्वतःहून दाखवलं नाही. वर कारागृहाचा शिक्का होता ना. दोन ठिकाणी ते दाखवल्यावर "कळवतो" म्हणून सांगितलं होतं आणि कुणी कळवलं नव्हतं.

मी म्हटलं, कागद राहू दे, मशीनवर बस. त्याने कॉलर लावली. ती बघून आमची जुनी कारागीर सुद्धा उठून बघायला आली. मग मी कापड, खडू आणि टेप पुढे ठेवली आणि म्हटलं, आता माझ्या मापाचा कुर्ता काप. तो नुसता बसून राहिला.

"बाई, कटिंगचे मास्तर वेगळे होते. आम्हाला कापलेला गठ्ठा यायचा."

"मग तू काय शिवायचास?"

"कॉलर."

"आणि?"

"कॉलरच. बाही दुसऱ्याकडे, काजं तिसऱ्याकडे."

मी विचारलं, कधी कुणाचं माप घेतलंस का. तर म्हणतो, आत गिऱ्हाईक कुठून येणार? लहान, मध्यम, मोठा, एवढीच मापं. शर्टातलं कोडं मला तिथे सुटलं. ती कॉलर अशाच कुणीतरी बसवली होती जो वर्षानुवर्षं फक्त कॉलर बसवतोय, आणि बाही परवाच आलेल्या कुणीतरी.

यात आतल्या लोकांचा दोष आहे असं मला म्हणायचं नाही. कुठल्याही गारमेंट कारखान्यात काम असंच चालतं. कारागृहाच्या कारखान्यालाही ऑर्डरी पुऱ्या करायच्या असतात, सरकारी खात्यांचे गणवेश द्यायचे असतात. साखळी लावली की काम भराभर उरकतं. पण कारखाना चालवणं आणि माणसाला कसब शिकवणं ही वेगळी कामं आहेत. बाहेर कळव्यात, दिव्यात, मुंब्र्यात टेलरचं दुकान टाकायचं तर माप घेता आलं पाहिजे, कापड कमी पडलं तर जोड कुठे लपवायचा हे कळलं पाहिजे, आणि "ब्लाउज घट्ट झाला" म्हणणाऱ्या बाईशी गोड बोलता आलं पाहिजे. यातलं काही कॉलर शिवून येत नाही. कुणी मला विचारलंच तर मी म्हणेन, शिक्षा संपायच्या आधीचे सहा महिने माणसाला साखळीतून काढा. त्याला एक शर्ट, एक सलवार आणि एक ब्लाउज मापापासून बटणापर्यंत एकट्याने करू द्या. कापड वाया जाईल, जाऊ द्या. आयटीआयमध्ये सुइंग टेक्नॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे, त्यात हेच करतात.

एक गोष्ट मात्र आतल्या शिस्तीची म्हणून मी क्लासमध्ये उचलली. तो रोज संध्याकाळी जायच्या आधी कात्र्या, सुया, बॉबिन मोजून टेबलावर ओळीने ठेवायचा. आत मोजल्याशिवाय सुट्टी नसते म्हणे. आता माझ्या मुलींनाही तसंच करायला लावते, सुया हरवायच्या थांबल्या.

मजुरीबद्दल विक्रीच्या ठिकाणी कुणी विचारत नाही, पण विचारायला हवं. सक्तमजुरीची शिक्षा म्हणजे काम फुकट, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली गुजरातच्या खटल्यात सांगितलं की सक्तमजुरीच्या कैद्यालाही रास्त मजुरी द्यायला हवी, आणि त्यातला काही भाग पीडितांसाठी बाजूला ठेवण्याचा कायदा राज्यांनी करावा. महाराष्ट्रात २०२३ च्या ऑगस्टमध्ये मजुरी वाढली. कुशल कैद्याला दिवसाला ६७ चे ७४ रुपये झाले, अर्धकुशल ६१ वरून ६७, अकुशल ४८ वरून ५३. माझ्याकडे नुसती काज-बटणं करणारी बाई एका सकाळी त्याहून जास्त नेते. तरी या पैशांची किंमत आत वेगळी असते, हे मला त्या मुलाने सांगितलं. तो त्यातून घरी मनिऑर्डर करायचा. रक्कम थोडी असायची, पण गावात पोस्टमन दाराशी आला की आईला शेजाऱ्यांना सांगायला काहीतरी असायचं.

महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ ला येरवड्यात 'जिव्हाळा' नावाची कर्ज योजना सुरू केली. कैद्याला त्याच्या मजुरीच्या जोरावर पन्नास हजारांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याजाने, तारणाशिवाय. मुलाची फी, वकिलाचा खर्च, घरातलं आजारपण यांसाठी. ही मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट आहे. घरचा कर्ता माणूस आत गेला की बायको पहिल्यांदा सावकाराकडे जाते, हे मी माझ्या कारागीर बायकांच्या घरांत बघितलंय.

आता जे त्या टेबलांवर दिसतच नाही त्याबद्दल. आपल्या ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह म्हणजे मूळचा किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेला. इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये इथे फाशी दिली, जॅक्सन वधाच्या खटल्यातले अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला. ठाणेकरांना ही भिंत एवढ्यापुरती माहीत असते, आणि कळव्याच्या पुलाकडे गाडी अडकली की तिच्याकडे बघत बसायचं एवढंच. पण या किल्ल्याची अधिकृत क्षमता १,१०५ माणसांची आहे आणि आत त्याच्या कितीतरी पट माणसं असल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात. त्यातले बहुतेक न्यायाधीन. म्हणजे खटला चालू आहे, दोषी ठरलेले नाहीत. देशभरात हीच गत, २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत दर शंभर कैद्यांमागे जवळजवळ ७६ जण न्यायाधीन होते.

शिवणयंत्र, माग, सुतारशाळा हे सगळं मुख्यतः शिक्षा झालेल्यांसाठी. न्यायाधीन माणसावर कामाची सक्ती करता येत नाही, ते योग्यच. तो स्वखुशीने काम मागू शकतो, पण जिथे झोपायला जागा पुरत नाही तिथे मशीन किती पुरणार? शिवाय आज आहे, उद्या जामिनावर सुटेल, अशा माणसाला सहा महिन्यांच्या वर्गात कोण घेणार? प्रत्यक्षात तो दोन-तीन वर्षंही तिथेच असतो. तारखेची वाट बघायची, भेटीची वाट बघायची, दिवस ढकलायचा. तुम्ही विकत घेतलेली सतरंजी ही आत असलेल्यांपैकी थोड्यांचीच कमाई आहे. बाकीच्यांच्या हाताला काही नाही. सुधारसेवा हा शब्द आता कारागृह खात्याच्या नावातच आहे, तर सुधारणेची सुरुवात या मोठ्या गर्दीपासून व्हायला नको का? चार आठवड्यांचे छोटे वर्ग चालतील. काजं करणं, मशीन दुरुस्ती, नुसतं माप लिहायला शिकणं. माझ्या क्लासमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीत येणाऱ्या मुली महिनाभरात पेटीकोट शिवायला लागतात.

नशेतून आलेल्यांचंही तेच. तो मुलगा सांगत होता, बराकीत नवीन आलेला पोरगा पहिले काही दिवस अंग मोडून येतं म्हणून रात्रभर कण्हत असतो. समुपदेशक येतात, बोलतात, बरं वाटायला लागतं, तोवर कुणाची बदली दुसऱ्या जेलला, कुणाला जामीन. पुढचा धागा धरायला बाहेर कुणी नसतं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून मुंबई-ठाण्याच्या कारागृहांत न्यायाधीन बंद्यांसोबत काम करतोय, वकील मिळवून देण्यापासून सुटल्यावर उभं राहण्यापर्यंत. पण एका प्रकल्पाने किती टोकं शिवायची?

आणखी एक गोष्ट, जी मी त्या मुलाला विचारली नाही आणि त्यानेही सांगितली नाही. आत स्वयंपाक कुणाच्या हातात द्यायचा आणि झाडू कुणाच्या हातात, हे अनेक राज्यांच्या कारागृह नियमावलींत जातीवरून ठरत होतं. पत्रकार सुकन्या शांता यांनी ते उजेडात आणलं आणि सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ ला असे नियम घटनाबाह्य ठरवले. तेव्हापासून मी विक्रीच्या ठिकाणी शर्ट हातात घेतला की मनात येतं, हे मशीन कुणाला मिळालं असेल आणि कुणाला नाही.

शिक्षणाची बाजू त्या मानाने बरी दिसते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू यांची केंद्रं मोठ्या कारागृहांत आहेत, तिथून लोक पदव्या घेतात, आणि परीक्षा पास झाल्यावर शिक्षेत काही दिवसांची माफीही मिळते. निरक्षरांना बहुतेक वेळा शिकलेले कैदीच शिकवतात. आमचा मुलगा आत गेला तेव्हा सातवी नापास होता, बाहेर आला तो बारावी होऊन. हिशोबाची वही मी आता त्याच्याकडे दिली आहे. माझ्यापेक्षा बरी लिहितो, आणि उधारी कुणाची किती हे न विसरता सांगतो, त्यामुळे काही जुनी गिऱ्हाइकं त्याच्यावर नाराज आहेत.

घरचं सांगायला हवं, कारण हे परीक्षण वाचणाऱ्या अनेकांच्या घरी तेच होईल. मी चादर आणली तेव्हा माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "वहिनी, कैद्याने विणलेली चादर पलंगावर घालायची? कुणाच्या हातची कोण जाणे." मी म्हटलं, तुमच्या अंगावरची साडी कुणी विणली ते माहीत आहे का? त्या गप्प झाल्या, पण चादर पाहुण्यांच्या खोलीत गेली ती गेलीच. गंमत म्हणजे त्याच जाऊबाई कोल्हापूरला गेल्या की अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू आणून गल्लीभर वाटतात. ते लाडू कळंबा कारागृहातले कैदी वळायचे, हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. दिवाळीनंतर सांगीन.

दुसऱ्या टोकाचे लोकही असतात. विक्रीच्या टेबलापाशी एक गृहस्थ प्रत्येक वस्तू उचलून "बिचारे, बिचारे" करत होते आणि न बघता पाच शर्ट घेऊन गेले. त्यातल्या दोन शर्टांच्या बाह्या मी लांबूनच ओळखल्या. वाईट बाहीलाही तेवढेच पैसे मिळाले तर बाही शिकवायची गरज कुणाला वाटेल? माल बघून घ्या, चांगला असेल तर पुन्हा मागा, वाईट असेल तर तिथल्या माणसाला नीट शब्दांत सांगा. मी सांगितलं. टेबलामागच्या शिपाईदादांनी चुणी हाताने चाचपून बघितली, वहीत काहीतरी लिहिलं. लिहिलेलं आत पोचलं की नाही, ते पुढच्या वर्षीच्या मुंढ्यात दिसेल.

तो मुलगा अजून माझ्याकडेच आहे. कटिंग शिकतोय. पहिले दोन कुर्ते कापले ते माझ्या नातवालाही झाले नसते, तिसरा बरा जमला. ब्लाउजचं माप घ्यायला अजून लाजतो, ते काम बायकाच करतात आणि आकडे त्याला सांगतात. कळव्यातच छोटा गाळा बघूया म्हणते, पण भाडेकरूचा पोलीस पडताळणीचा फॉर्म भरायची वेळ आली की घरमालक मागे सरतात. सध्या तिथेच अडलंय. कुणाचा गाळा रिकामा असेल आणि मन मोठं असेल तर क्लासवर येऊन भेटा.

बेकरी राहिली. नानकटाई मला तुपाची आवडते, ही वनस्पती तुपाची आहे, त्यामुळे टाळूला चिकटते. खारी मात्र पदर सुटलेली आणि खुसखुशीत, चहात बुडवून बघा. जायचं तर सकाळी जा. सतरंज्या आणि खारी दुपारपर्यंत संपतात, मग उरतात ते मोठ्या मापाचे शर्ट आणि गडद चादरी. स्वतःची पिशवी न्या. शर्ट घेतलाच तर बटणं घरी आल्याबरोबर पक्की करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.